तोरणमाळचे मफिन

मराठीच्या प्राध्यापकांना लोक दोन कामांसाठी हमखास गाठतात. एक, लग्नपत्रिकेचा मजकूर तपासून घेण्यासाठी. आणि दुसरे, घरात नव्याने शिरलेल्या एखाद्या इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द विचारण्यासाठी. पहिल्या कामात मी आता बऱ्यापैकी तरबेज झाले आहे. दुसऱ्यात मात्र स्वयंपाकघरातले शब्द फार छळतात. ‘मफिन’चेच पहा. त्याला केक म्हणावे तर केक करणाऱ्या बायका नाक मुरडतात. पाव म्हणावे तर मुले हसतात. बरे, खुद्द त्याच्या माहेरीही एकमत नाही. इंग्लंडातला जुना मफिन म्हणजे यीस्ट घालून फुगवलेली आणि तव्यावर भाजलेली चपटी गोल भाकरी. अमेरिकेत गेल्यावर त्याने धर्म बदलला. तेथे तो वाटीच्या आकाराच्या साच्यात, सरबरीत पिठाचा आणि बेकिंग पावडरने फुगणारा झाला. आपल्याकडे बेकरीच्या काचेआड दिसतो तो हा दुसरा. म्हणजे पहिला आपल्या पावाचा चुलतभाऊ, तर दुसरा करणीने ढोकळ्याच्या जवळचा!

या दुसऱ्या मफिनचा जन्म ज्या पावडरीमुळे झाला, तिची कथा सांगण्याजोगी आहे. बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाचा एक औषधविक्रेता होता. त्याच्या पत्नीला अंडी सोसत नसत आणि यीस्टही सोसत नसे. पत्नीसाठी त्याने १८३७ साली अंड्यावाचून होणारे कस्टर्ड तयार केले आणि १८४३ साली यीस्टवाचून पाव फुगवणारी पावडर. आज घरोघरच्या फळीवर जी बेकिंग पावडर असते, तिच्या मुळाशी घरातल्या एका माणसाचे पथ्य आहे. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगते आहे, कारण पुढची सगळी खटपटही पथ्यासाठीच केलेली आहे.

आता मफिनच्या माथ्यावर जे पांढरेशुभ्र, मऊ, कळस काढलेले असते ते. त्याला म्हणायचे फ्रॉस्टिंग. ‘हिम’ म्हणावे तर ते कवितेत शोभेल, ‘लेप’ म्हणावे तर सुंठेची आठवण होते. आमच्या कन्येने अखेर ‘साय’ असा निकाल दिला आणि तो मी मान्य केला. बेकरीतली ही साय म्हणजे बहुतेक वेळा लोणी आणि दळलेली साखर. आणि साखर लोण्याच्या दुप्पट. बारा मफिनांवर घालायची तर सव्वाशे ग्रॅम लोण्याला अडीचशे ग्रॅम साखर लागते. खुद्द मफिनच्या पिठात आणखी दोनशे ग्रॅम. भागाकार केला की दर मफिनमागे सुमारे ३७ ग्रॅम साखर येते. आता जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१५ मध्ये जी मार्गदर्शक मर्यादा सांगितली, ती पाहावी. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून कमी उष्मांक ‘मोकळ्या’ साखरेतून यावेत आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या आतच. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, सहा लहान चमचे. म्हणजे एका मफिनमध्ये दीड दिवसाचा शिधा संपला. दिवाळीत तर मफिनच्या आधी चिरोटा झालेला असतो आणि नंतर लाडू व्हायचा असतो.

‘मोकळी साखर’ या शब्दाकडे वाचकभगिनींनी जरा लक्ष द्यावे. डब्यातून काढून घातलेली साखर तर त्यात येतेच. पण मध, पाक आणि फळांचा गाळलेला रसही येतो. गूळही याच पंगतीला बसतो. अख्ख्या फळातली साखर मात्र त्या संघटनेने वेगळी ठेवली आहे, कारण तेथे ती चोथ्यात अडकलेली असते आणि सावकाश अंगी लागते. यावरून ‘साखर नाही हो, गूळ घातलाय’ हे वाक्य किती फसवे आहे ते ध्यानात येईल. गुळाला चव आहे, वास आहे, थोडीफार खनिजे आहेत, सर्व कबूल; पण त्यातला बहुतांश भाग साखरच आहे. मधाची तीच गत. शिवाय मध तापवू नये, असे आयुर्वेदाने बजावले आहे. तेव्हा तो भट्टीत घालणे दोन्ही शास्त्रांच्या विरुद्ध. शहरांतून हल्ली ‘आरोग्यदायी’ अशी चिठ्ठी लावून जे पदार्थ विकले जातात, त्यांतले निम्मे या एका वाक्यावर उभे असतात, असे माझे मत आहे.

हा हिशेब आमच्या घरात एवढ्या काटेकोरपणे सुरू झाला त्याला कारण आमच्या सासूबाई. त्यांना मधुमेह होऊन पंधरा वर्षे झाली. तरी दिवाळीचा फराळ त्याच करतात. आम्ही नुसत्या हाताखाली. अनारशाची खसखस, करंजीची कातर, चकलीचे मोहन, सगळे त्यांच्या नजरेखाली. फक्त चव घ्यायची वेळ आली की त्या चमचा दुसऱ्यापुढे धरतात आणि विचारतात, ‘‘साखर बेताची झाली का गं?’’ आपण केलेल्या पदार्थाची चव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची, यासारखी दुसरी शिक्षा नाही. दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला त्यांचे धाकटे बंधू आले. भावाने आग्रह केला, बहिणीने मोडला नाही. एक बासुंदीची वाटी, दोन करंज्या. संध्याकाळी त्यांना ग्लानी आली, रक्तातली साखर भलतीच चढलेली निघाली आणि उरलेली दिवाळी आम्ही इस्पितळाच्या बाकावर काढली. घरी आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘पुढच्या वर्षी मला ताटावर बसवूच नका.’’ ते ऐकून आमचे ‘हे’ उठून बाहेरच गेले.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात महाविद्यालयाच्या मुलामुलींना घेऊन मला तोरणमाळला जायचा योग आला. आम्ही शहाद्याला राहतो. तेथून म्हसावदवरून सातपायरीचा घाट चढून वर जावे लागते. ज्यांनी तोरणमाळ पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर हे पठार आहे. मधोमध यशवंत तलाव, एका बाजूला सीताखाईची खोल दरी, गोरखनाथाचे देऊळ, मच्छिंद्रनाथाची गुंफा. महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. तोरणाच्या झुडपांवरून तोरणमाळ हे नाव पडले असे सांगतात. महाबळेश्वर-माथेरानची गजबज येथे नाही. वस्ती बहुतेक पावरा आणि भिल्ल बांधवांची. पाऊस सरला की डोंगर हिरवेगार असतात आणि सकाळी तलावावर असे धुके उतरते की पलीकडचा काठ दिसेनासा होतो.

आणि याच दिवसांत तेथे सीताफळे पिकतात. कोणी लावलेली नाहीत, कोणी पाणी घातलेले नाही. उतारावर, बांधावर, खडकाच्या फटीत, जागा मिळेल तेथे झाड उभे. पहाटे पावरा बायका टोपल्या भरून घाटाच्या वळणांवर येऊन बसतात. फळ लहान, बिया पुष्कळ. पण गोडी अशी की बागेतले मोठे फळ तिच्यापुढे पाणचट वाटावे. खेदाची गोष्ट एवढीच की हे फळ फार नाशवंत. आज डोळे उघडले की उद्या पिकते आणि परवा काळे पडते. त्यामुळे दुपार टळली की टोपलीचा भाव उतरत जातो आणि संध्याकाळच्या शेवटच्या गाडीवाल्याला ती जवळजवळ फुकटात मिळते. घासाघीस करून दहा रुपये कमी केल्याचा आनंद मानणारी शहरी माणसे मी त्या घाटात पाहिली, तेव्हा त्यांच्या मोटारींकडे पाहून मला हसू आले.

सीताफळ, रामफळ अशी नावे ऐकून हे फळ रामायणकाळापासूनचे असावे असे कोणालाही वाटेल. त्यातून जवळच सीताखाई! पण वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे मूळ अमेरिका खंडात सांगतात. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर ते आले, असे बहुतेकांचे मत आहे. प्राचीन शिल्पांत ते कोरलेले दिसते, असे म्हणणारा पक्षही आहे. त्या वादात आपण पडू नये. पपईही तिकडचीच, मकाही तिकडचाच आणि नंदुरबारची प्रसिद्ध मिरचीसुद्धा. सातपुड्यात मक्याची भाकरी खाणाऱ्याला जाऊन कोणी सांगावे की बाबा, हे परदेशी अन्न आहे! म्हणून आमच्याबरोबरचे एक प्राध्यापक ‘‘आदिवासी भागात येऊन मफिन कसले करता?’’ म्हणाले, तेव्हा मी त्यांना मक्याचे कणीस हाती दिले.

मफिनचा विषय निघाला तो मुलींमुळे. शिबिरात एकीचा वाढदिवस होता. केक आणायचा तर शहाद्याशिवाय नाही. गृहविज्ञान शिकलेली माझी भाची आमच्याबरोबर होती. ती म्हणाली, ‘‘मावशी, भट्टी नसली म्हणून काय झाले? पातेले आहे, वाळू आहे, चूल आहे.’’ हे तर आमच्या खानदेशाला नवे नाही. वरण-बट्टीची बट्टी निखाऱ्यात भाजते. नर्मदेपलीकडे अलिराजपूर-झाबुआच्या भिल्ल वस्तीत मक्याच्या पिठाचे पानिये करतात. पिठाचा गोळा दोन पानांच्या मध्ये दाबून गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचा, वरचे पान करपते आणि आतली भाकरी खमंग वाफवते. मफिनच्या साच्यात जो नक्षीदार कागद घालतात त्याचे काम दुसरे काय असते? आमच्या पावरा मुलींनी कागद नाही म्हणताच पळसाची कोवळी पाने आणून स्टीलच्या वाट्यांना आतून लावली. मला तो कागदापेक्षा शतपटीने आवडला.

भाजणे ही आपली विद्या नव्हे, हा समज मला नेहमीच चमत्कारिक वाटत आला आहे. जुन्या पिढीतल्या बायकांना विचारा. दिवाळीच्या आधी तूप, साखर, पीठ डब्यांत घालून बेकरीत न्यायचे आणि रांगेत उभे राहून नानकटाईचे पत्रे भाजून आणायचे, हा सोहळा गावोगाव होता. ती नानकटाई आपल्या दारात आली सुरतेहून. डच व्यापाऱ्यांनी सुरतेत पावाची भट्टी घातली होती. ते गेल्यावर ती फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांकडे आली, असे सांगतात. दोटीवालांची पेढी १८६१ पासूनची आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या नंदुरबारकरांना सुरत काही परकी नाही. तेव्हा भट्टीचा वास आमच्या नाकाला जुना आहे.

तर भाचीने पीठ कालवले, जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवली, आत तिवई ठेवून तीवर वाट्या मांडल्या, झाकण घालून झाकणावर निखारे ठेवले. वाट्यांतले पीठ झरझर फुगले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. आणि पाच-सात मिनिटांत प्रत्येक वाटीच्या मधोमध खळगा! घरी शंभरदा जमलेले प्रमाण येथे का फसले, हे तिला कळेना. उलगडा केला आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी. उंचावर हवेचा दाब कमी. तोरणमाळवर पाणी शंभर नव्हे, सुमारे ९६ अंशांवरच उकळते. पिठात बेकिंग पावडरने जो वायू सुटतो त्याला दाबून धरणारी हवा विरळ, म्हणून तो भराभर फुगतो; पिठाचा सांगाडा घट्ट व्हायच्या आतच बुडबुडे फुटतात आणि इमारत खाली बसते. पाणीही लवकर उडून जाते, म्हणून पीठ कोरडे पडते. उपाय सोपा. बेकिंग पावडर पाव हिश्शाने कमी, दूध दोन चमचे जास्त आणि आच थोडी मोठी. दुसरा घाणा टम्म फुगला आणि तसाच राहिला. लोणावळा-खंडाळ्याला हा फरक जाणवणार नाही, पण महाबळेश्वर-पाचगणीला बिऱ्हाड असणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवावा.

मुलींची इच्छा होती की सीताफळाचा गर पिठातच घालावा. मी आधी एका वाटीपुरता घालून पाहू म्हटले. ज्यांनी सीताफळाची बासुंदी केली आहे त्यांना ठाऊक असेल की दूध आटवून, पूर्ण गार करून मगच गर घालतात. उकळत्या दुधात कधीच नाही. हा नुसता रिवाज नव्हे. सीताफळाचा गर तापला की कडवट होतो आणि त्याचा रंगही बिघडतो. त्या वाटीतला मफिन दिसायला गुलाबी-तपकिरी झाला आणि चवीला असा की वाढदिवसाच्या मुलीनेही शेजारणीला देऊन टाकला. म्हणजे सीताफळाची जागा भट्टीत नाही. ती वरच्या सायीत.

पपईचे नेमके उलट. आमचा नंदुरबार जिल्हा पपईचे आगर आहे; शहाद्याच्या परिसरात मैलोगणती पपईच्या बागा दिसतील. पपईत दुधाची प्रथिने तोडणारे एक पाचक द्रव्य असते. कच्ची पपई घातली की मांस लवकर शिजते ते त्याच्यामुळे. पिकलेल्या फळातही ते थोडे राहते, म्हणून पपई दह्यात किंवा चक्क्यात कालवून ठेवली की तासाभरात कडू होऊ लागते. पण उष्णतेने हे द्रव्य निकामी होते. म्हणजे पपईने भट्टीत जावे आणि सीताफळाने बाहेर थांबावे. दोघींचे स्वभाव एकदा कळले की संसार सुखाचा!

घरी आल्यावर दिवाळीपर्यंत आम्ही हे प्रमाण बसवले. बारा मफिनांसाठी दीडशे ग्रॅम कणीक आणि पाऊणशे ग्रॅम ज्वारीचे पीठ घ्यावे. नुसत्या ज्वारीचे करू नये. तिला चिकटपणा नाही, मफिन भुगा होतो. कणकेतला कोंडा चाळून टाकू नये. त्यात दोन लहान चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ आणि थोडे जायफळ किसून घालावे आणि हे सारे दोनदा चाळणीतून काढून एकजीव करावे. चाळणीत राहिलेला कोंडा परत त्यातच. गोडीसाठी तीन पूर्ण पिकलेली केळी, सालीवर काळे ठिपके आलेली. जळगावच्या केळ्यांना तोटा नाही, पण ठिपके येईपर्यंत धीर धरावा. कच्च्या केळ्यात पिठूळपणा असतो, गोडी नसते. आठ-दहा मऊ खजूर बिया काढून कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावेत आणि वाटून घ्यावेत. केळी कुस्करून त्यात खजूर, अर्धी वाटी गोड दही आणि पाव वाटी तेल घालून फेटावे. नंतर कोरडे पीठ घालून लाकडी डावाने आठ-दहा वेळा वरखाली करावे, बस्स. येथे पुष्कळजणी भज्यांच्या पिठासारखे जोरात फेटत बसतात. त्याने कणीक चिवट होते आणि मफिनचा गोळा होतो. थोड्या गुठळ्या दिसल्या तरी चालतील. लागेल तसे दूध घालून पळीवाढे नव्हे पण चमच्यावरून सावकाश घसरेल असे ठेवावे. शेवटी वाटीभर पपईचे बारीक तुकडे, पाणी निथळून आणि चमचाभर पिठात घोळवून. न घोळवले तर तळाशी बसतात. वरून चारोळी पेरावी. वाट्या पाऊण भराव्यात.

भट्टी असेल तर १८० अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटे. नसेल तर कुकरची रिंग आणि शिट्टी काढून टाकावी, तळाशी दोन बोटे वाळू किंवा जाडे मीठ घालून दहा-पंधरा मिनिटे तापवावे आणि मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटे ठेवावे. पाणी मुळीच घालायचे नाही. काडी टोचून कोरडी निघाली की झाले.

सायीसाठी आदल्या रात्री लिटरभर दुधाचे दही फडक्यात बांधून टांगावे. सकाळी घट्ट चक्का मिळेल; तो पुरणाच्या चाळणीतून एकदा काढला की रेशमासारखा होतो. सीताफळाचा एक वाटी गर हाताने बिया काढून त्यात कालवावा. गर मिक्सरमध्ये फिरवू नये. एक तर तो पातळ होतो. आणि दुसरे, बिया फुटल्या तर भलतेच. सीताफळाच्या बिया विषारी असतात. खेड्यात उवा मारायला त्यांची पूड वापरीत, ती डोळ्यात जाऊन डोळ्यांना गंभीर इजा झाल्याची उदाहरणे आहेत. म्हणून हे काम घाईचे नाही. टीव्हीसमोर बसून सगळ्यांनी मिळून करण्याचे आहे. वेलदोडा घालायचा मोह आवरावा. सीताफळाला स्वतःचा सुवास आहे आणि वेलदोड्यापुढे तो माना टाकतो. साखर अर्थातच नाही. मफिन पूर्ण गार झाल्यावर आणि पानावर वाढायच्या वेळीच ही साय वर ठेवावी, कारण गर तासा-दोन तासांत काळवंडू लागतो. लिंबाचे दोन थेंब घातले तर थोडी सवड मिळते. ही साय बेकरीतल्यासारखी टोकदार उभी राहणार नाही, मऊ ढिगासारखी बसेल. श्रीखंड आवडणाऱ्या घरात त्याबद्दल कोणी तक्रार करणार नाही.

आता मुख्य प्रश्न. हे सासूबाईंना चालते का? येथे मी गोड बोलणार नाही. नैसर्गिक गोडी म्हणजे गोडी नव्हे, असे नाही. सीताफळाच्या १०० ग्रॅम गरात सुमारे २४ ग्रॅम कर्बोदके असतात. खजुरात तर तीन चतुर्थांश वजन त्यांचेच. ब्रिटनमध्ये वाटलेल्या, कुस्करलेल्या फळाची साखरही ‘मोकळ्या’ साखरेतच धरतात, आणि वाटलेल्या खजुराबद्दल मला ते पटते. माझ्या हिशेबाने सायीसकट एका मफिनमध्ये ३० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके येतात. म्हणजे जवळजवळ दीड फुलका. बेकरीच्या मफिनच्या जवळपास निम्मी, त्यातही पांढरी साखर शून्य, कोंडा आणि दह्याची प्रथिने जास्त. पण औषध नव्हे. हा कागद घेऊन मी आमच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आकडे तपासले आणि सांगितले की फराळाच्या वेळी अर्धा, फार तर एक द्यावा. आणि जेवणातली एक पोळी व भाताचा घास त्या दिवशी कमी करावा. ‘‘जोडीला म्हणून नव्हे, ऐवजी म्हणून,’’ हे त्यांनी दोनदा सांगितले.

नरकचतुर्दशीला सकाळी अभ्यंगस्नानानंतर सासूबाईंच्या ताटात चकलीचा तुकडा, चिवडा आणि एक अर्धा मफिन वाढला. ‘‘हे काय?’’ म्हणाल्या. नातीने सगळा हिशेब म्हणून दाखवला. त्यांनी सायीचा टवका काढून तोंडात घातला, डोळे मिटले आणि मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर पहिले वाक्य आले ते असे: ‘‘चक्का जरा आणखी घोटायला हवा होता.’’ दोन तासांनी बोटातून थेंब काढून यंत्रावर पाहिले. आकडा डॉक्टरांनी घालून दिलेल्या मर्यादेत होता. पाडव्याला मात्र अर्ध्याचा एक झाला, पोळी कमी करायची राहिली आणि आकडा मर्यादेच्या वर गेला. तेव्हा ‘ऐवजी’ या शब्दाला आमच्या घरात आता मंत्राचे मोल आले आहे. ज्या घरात इन्सुलिनची सुई चालू आहे, तेथे आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीही करू नये.

सीताफळाचा हंगाम संपला की काय, असे मला पुष्कळजणी विचारतात. गोठवलेला गर बाजारात मिळतो. मात्र विकत घेताना डब्यावरची बारीक अक्षरे वाचावीत, कारण पुष्कळ वेळा त्यात साखर मिसळलेली असते. थंडीत स्ट्रॉबेरी घ्यावी. सातपुड्यातच, अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबच्या परिसरात, आदिवासी शेतकऱ्यांनी ती पिकवायला सुरुवात केली आहे. चक्क्याशी तिचे चांगले जमते, पण आंबट असल्याने एक केळे कुस्करून सोबत द्यावे लागते. चैत्रात मोहाची फुले गळतात. सुकवलेली फुले खजुरासारखी गोड लागतात. १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून या फुलांच्या साठवणीवर आणि वाहतुकीवर बंधने होती. २०२१ साली राज्य शासनाने ती सैल केली आणि आता मोहाचे लाडू वगैरे राजरोस मिळू लागले आहेत. आमच्या एका विद्यार्थिनीने घरून आणलेली सुकी फुले भिजवून, वाटून मी खजुराऐवजी घालून पाहिली. गोडी पुरेशी आली. वास मात्र उग्र. आमच्या ‘ह्यां’ना तो आवडला नाही, सासूबाईंना आवडला. निम्मा खजूर आणि निम्मी मोहफुले असे प्रमाण दोघांनाही चालले.

एक बारीकशी गोष्ट राहिली. साखर ही नुसती गोडीसाठी नसते, ती पदार्थ टिकवतेही. हे मफिन त्यामुळे दुसऱ्या दिवसापलीकडे बाहेर टिकत नाहीत. दिवाळीचा फराळ पंधरा दिवस डब्यात राहतो त्या हिशेबाने करू नयेत. साय न लावता फ्रिजमध्ये तीन दिवस राहतात; खायच्या वेळी तव्यावर झाकण घालून जरा गरम करावेत आणि गार झाल्यावर मग साय. उरलेच, तर आडवे कापून तव्यावर तुपाच्या थेंबावर भाजावेत. आमच्याकडे ते चहाबरोबर जातात.